मोडून बघा

आमच्या समोरच्या घरातल्या काकू गेली अकरा वर्षं दिवाळीचा फराळ करून विकतात. विलेपार्ले पूर्वेला आमची तीन मजली जुनी इमारत. लिफ्ट नाही, त्यामुळे दसरा झाला की भाजणीचे डबे, तेलाचे डबे, पोह्यांची पोती जिन्याने वर चढताना दिसतात आणि पुढचे पंधरा दिवस आमच्या मजल्यावर दुसरा कुठला वास टिकत नाही.

पहिल्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, काकू माझ्याकडे आल्या. "तू जाहिरातीतली ना गं? मग मला चार ओळी लिहून दे, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायच्यात." मला तेव्हा कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहायला लागून बारा वर्षं झाली होती. चहा निवायच्या आत मी लिहून दिलं: 'आईच्या हातची चव, परंपरेचा गोडवा! प्रेमाने बनवलेला खमंग, खुसखुशीत फराळ आता तुमच्या दारी.' काकूंनी दोनदा वाचलं, "छान आहे" म्हणाल्या आणि पाठवून दिलं.

चार ऑर्डरी आल्या. त्यातली एक माझी, एक त्यांच्या नणंदेची.

चौथ्या दिवशी सकाळी ग्रुपवर काकूंनी स्वतःच टाइप केलेला मेसेज आला. मी तो जपून ठेवला आहे. 'भाजणी घरी भाजलेली आहे. चकली मोडून बघा, आत नळी दिसली नाही तर पैसे परत. काल तळलेलं तेल आज वापरत नाही. चिवडा पाडव्याच्या आत सादळला तर डबा परत आणा.' बस. नमस्कार नाही, शुभेच्छा नाहीत, उद्गारचिन्ह नाही. रात्रीपर्यंत त्यांच्या वहीचं पान भरलं आणि दोन दिवसांनी त्यांनी ऑर्डरी घेणं थांबवलं.

त्या मेसेजबद्दल मी इतका विचार केला आहे, तितका कुठल्याही मोठ्या कॅम्पेनबद्दल केलेला नाही.

आधी ती नळी. ज्यांनी घरात चकल्या होताना बघितल्या आहेत त्यांना सांगायला नको. भाजणीत कडकडीत मोहन नीट पडलं असेल, उकड बरोबर मळली असेल आणि आच मोठी न ठेवता चकली बुडबुडे शमेपर्यंत धीराने तळली असेल, तर ती मोडल्यावर आत बारीक पोकळी दिसते. ती नळी. मोहन कमी झालं तर चकली दगड होते, जास्त झालं तर तेलातच विरघळते आणि घाईने तळली तर वरून लाल, आतून मऊ राहते. म्हणजे भाजण्यापासून तळण्यापर्यंत केलेल्या सगळ्या कामाची साक्ष त्या एवढ्याशा भोकात असते. काकूंनी चव चांगली आहे असं कुठेच म्हटलं नाही. चव चांगली असेल तर काय दिसेल ते सांगितलं, आणि बघायचं काम गिऱ्हाइकाच्या हातात दिलं.

माझ्या ओळीतला 'खमंग' हा शब्द त्याच्याशेजारी ठेवून बघितला. शब्द सुंदर आहे. भाजलेल्या बेसनाच्या वासासाठी मराठीत त्याच्याइतका नेमका शब्द नाही. पण तो आपण प्रत्येक पाकिटावर, प्रत्येक पाटीवर, प्रत्येक मेन्यूकार्डावर इतका लावला की आता तो वाचताना नाकाला काही होत नाही. 'नळी' वाचताना बोटांना होतं. चकली मोडल्याचा आवाज ऐकू येतो.

मी काकूंना विचारलं होतं, हे तुम्हाला सुचलं कसं? त्या झारा निथळत ठेवत म्हणाल्या, "सुचायचं काय त्यात? हे आजारी होते त्या वर्षी मी पहिल्यांदा बाहेरून फराळ आणला. आणताना मला जी भीती वाटली, तेवढीच लिहिली."

कॉपी कशी लिहावी यावर मी बरंच वाचलं आहे, वर्कशॉप केली आहेत, नव्या मुलांना शिकवलंही आहे. या वाक्याच्या जवळ जाणारं काही मला सापडलेलं नाही. बाहेरचा फराळ घेणाऱ्या बाईच्या मनात काय असतं? तेल कधीचं असेल. मऊ पडलेलं निघालं तर पाहुण्यांसमोर काय ठेवू. या शंका ती दुकानदाराला विचारत नाही, मनात ठेवते आणि न घेता पुढे जाते. काकूंनी त्या न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं एकापाठोपाठ एक देऊन टाकली.

मराठी उद्योगाच्या इतिहासात याचं मोठं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकऱ्यांचा आक्षेप किमतीपुरता नव्हता. लोखंडाने जमीन नासते, पिकाला विष बाधतं, अशी भीती होती. पहिले मोजके नांगर विकायला दोन वर्षं गेली. अशा माणसाला 'मजबूत, टिकाऊ, उत्कृष्ट' म्हणून काय उपयोग? मजबुतीवर त्याची शंकाच नव्हती. मातीचं काय होईल, हे त्याला हवं होतं. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं तेही आधी कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठीच. पुढे त्याचं मासिक झालं आणि घराघरांत गेलं. पण मूळ गरज तीच होती, समोरच्याच्या मनातल्या गोष्टीशी बोलण्याची.

आता माझ्या रोजच्या कामाबद्दल. लोअर परळला, जिथे पूर्वी गिरण्या होत्या, तिथल्या एका काचेच्या इमारतीत मी जाते. मुंबईत बसून मराठी जाहिरात लिहिते असं सांगितलं की लोकांना वाटतं ती मराठीत सुचत असेल. बहुतेक वेळा तसं नसतं. फिल्म हिंदीत सुचते, हिंदीत शूट होते, आणि संध्याकाळी सहाला मेल येतो की उद्या सकाळपर्यंत मराठी व्हर्जन हवं. तीस सेकंदांत साठ-पासष्ट शब्द मावतात. त्यातही नटीचे ओठ हिंदीत हललेले असतात, त्यामुळे तिचं तोंड जिथे मिटतं तिथे आपला शब्द संपला पाहिजे. या घाईत 'प्यार का एहसास' याचं 'प्रेमाची अनुभूती' होतं. कुणाच्या घरात 'अनुभूती' हा शब्द चहाच्या वेळी ऐकू येतो? 'तो फिर देर किस बात की' याचं 'तर मग उशीर कसला' होतं. व्याकरणात चूक काहीच नाही, पण कुठलीही मराठी बाई शेजारणीला असं म्हणत नाही. ती म्हणते, "जा, घेऊन टाक." मी हे मीटिंगमध्ये सांगते. कधी ऐकलं जातं, बऱ्याचदा 'लोकांना कळतंय ना, मग झालं' असं उत्तर मिळतं. कळतं, हे खरंच आहे. रेल्वेची घोषणाही कळते. पण ती ऐकून कुणाला काही विकत घ्यावंसं वाटत नाही.

मला वाईट याचं वाटतं की मराठीकडे या कामासाठी अशी हत्यारं आहेत जी हिंदी-इंग्रजीकडे नाहीत, आणि ती आपण कपाटात ठेवून दिली आहेत. 'आम्ही' आणि 'आपण' हेच बघा. 'आम्ही तुमच्यासाठी आणलं आहे' यात कंपनी एका बाजूला आणि वाचणारा दुसऱ्या बाजूला. 'आपण करून बघू' म्हटलं की मधली भिंत गेली. हिंदीतला 'हम' दोन्हीकडे तोच राहतो, इंग्रजीचंही तसंच. आपल्या भाषेत एका सर्वनामाने माणूस आत घेता येतो किंवा दाराबाहेर ठेवता येतो. आणि मी वर्षानुवर्षं मराठी होर्डिंगवर 'आम्ही' वाचते आहे.

ज्या मराठी ओळीने हे सगळं नीट करून दाखवलं ती मोती साबणाची. 'उठा उठा दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली.' ज्येष्ठ अभिनेते विद्याधर करमरकर त्या जाहिरातीत दिवाळीच्या पहाटे लोकांना उठवणारे अलार्म काका होते. ही ओळ मी शिकवायला घेते तेव्हा अख्खा तास तिच्यावर जातो. 'उठा उठा' म्हटल्याबरोबर कानात भूपाळी सुरू होते. आपल्याकडे देवालाही असंच उठवतात आणि नरकचतुर्दशीला चादर ओढणाऱ्या पोरांनाही. मग 'दिवाळी आली'. आता 'आली'ला 'झाली' जोडायला कवी लागत नाही, पण 'वेळ झाली' हे घरातल्या मोठ्या माणसाचं वाक्य आहे. जेवायची वेळ झाली, शाळेची वेळ झाली, आंघोळीची वेळ झाली. आणि खरी करामत 'मोती स्नान' या जोडीत आहे. त्या पहाटेच्या आंघोळीला आपण अंघोळ म्हणत नाही, अभ्यंगस्नान म्हणतो. 'स्नान' हा शब्द घेतल्याबरोबर साबण तेल-उटण्याच्या पाटावर जाऊन बसला. साबण सुगंधी आहे, मऊ आहे, त्वचा उजळवतो, यातलं ओळीत काहीही नाही. त्याने फक्त पहाटेची एक जागा मागितली. ती भाषेत आधीपासून तयार होती, म्हणून लगेच मिळाली. आता लहान मुलं ती ओळ म्हणत जिन्यातून पळतात आणि त्यांना ती जाहिरात आहे हे ठाऊकही नसतं.

ती दुसऱ्या भाषेतून आणता आली नसती. म्हणून मला ती महत्त्वाची वाटते.

२०२५ मध्ये भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, जाहिरातकार पीयूष पांडे गेल्याची बातमी आली. आमच्या ऑफिसात त्या दिवशी फार कुणी बोललं नाही. राजस्थानकडून रणजी खेळलेला, चहाची चव घेण्याची नोकरी केलेला हा माणूस १९८२ मध्ये मुंबईत ओगिल्वी या जाहिरात कंपनीत आला आणि इंग्रजीत विचार करणाऱ्या धंद्याला बाजारातली बोली ऐकायला लावली. फेविकॉलच्या जाहिराती आठवा. तो डिंक कुठला निवडायचा हे सुतार ठरवतो, म्हणून जाहिरात सुताराच्या जगातून आली, ठासून भरलेल्या गाडीवरून, गावच्या माणसांच्या थट्टेतून. आज आपण मराठीतही सहज म्हणतो, "खुर्चीला फेविकॉल लावून बसलाय." नाव असं बोलण्यात गेलं की ते होर्डिंगवरून उतरलं तरी चालतं. त्याआधी ऐंशीच्या दशकात अलिक पदमसींच्या लिंटास या जाहिरात कंपनीतून सर्फची ललिताजी आली होती. कविता चौधरींची ती भाजी घेणारी, पैसे मोजून देणारी बाई. महाग पावडर का घ्यायची, हा वाद तिने भाजीच्या भावाशेजारी उभं राहून जिंकला. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यात फरक असतो हे आपल्या आयांना आधीच ठाऊक होतं. कुणीतरी ते त्यांच्याच तोंडून वदवलं, इतकंच.

एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे, कारण तिच्याशिवाय हा लेख अर्धा राहील. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका बिल्डरसाठी पेपरातली जाहिरात लिहिली. मध्य रेल्वेवरचं एक लांबचं स्टेशन. ब्रीफमध्ये होतं, 'स्टेशनपासून ५ मिनिटं'. मी त्याचं केलं, 'स्टेशनपासून अवघ्या पाच मिनिटांवर तुमचं हक्काचं घर.' 'अवघ्या' आणि 'हक्काचं' हे दोन्ही शब्द माझे. जागा मी बघितली नव्हती. ओळ सगळ्यांना आवडली, पहिल्या पानावर छापून आली.

दीड-दोन वर्षांनी त्याच भागात एका नातेवाइकांकडे गेले होते. परत येताना ती इमारत दिसली आणि मी घड्याळ लावून स्टेशनकडे चालत निघाले. आधी खडी टाकलेला कच्चा रस्ता, मग नाला आणि त्यावर फळ्यांचा साकव, मग फाटकाशी थांबणं. पाचव्या मिनिटाला मी अजून नाल्याच्या अलीकडे होते. माझ्या पुढे एक गृहस्थ मुलीचं दप्तर खांद्याला लावून चालले होते. मी विचारलं, जवळचा रस्ता आहे का दुसरा? ते म्हणाले, "नाही हो, हाच. आम्ही पेपरात वाचून घेतलं इथे. आईला गुडघ्याचा त्रास आहे, म्हणून मुद्दाम स्टेशनजवळचं बघत होतो." त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. मी काही बोलू शकले नाही. फलाटावर पोहोचले तेव्हा चोवीस मिनिटं झाली होती.

तो 'अवघ्या' माझ्या अंगावर अजून आहे. ओळ पटवणारी होती, यात शंका नाही. तिने एका माणसाला त्याच्या आईच्या गुडघ्यांसाठी पटवलं होतं.

तेव्हापासून मी अंतर स्वतः चालल्याशिवाय लिहीत नाही. वस्तू हातात घेतल्याशिवाय तिच्याबद्दल विशेषण वापरत नाही. यापायी दोन कामं गेली. मधल्या काळात कायदाही पुष्कळ पुढे आला. घरांच्या जाहिरातीतल्या खोट्या विधानाला रेरा या २०१६ च्या स्थावर मालमत्ता कायद्याने बिल्डर जबाबदार ठरतो, आणि त्याखालच्या राज्य प्राधिकरणाचा, म्हणजे महारेराचा, नोंदणी क्रमांक आता जाहिरातीत द्यावाच लागतो. आमच्या धंद्याने स्वतःवर नजर ठेवण्यासाठी १९८५ मध्ये मुंबईत जाहिरात मानक परिषद काढली होतीच. पण मला सगळ्यात आवडलेला नियम २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांमधला आहे: दावा ज्या भाषेत केला असेल, त्याच भाषेत खालची अट लिहायची. त्याआधी वर मोठ्या मराठीत 'मोफत' आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, असं आम्ही किती वेळा छापलं असेल! ज्या भाषेत माणसाला बोलावलं, त्याच भाषेत त्याला सावध करायचं. हे कायद्याने सांगावं लागलं याची मला खंत आहे, पण सांगितलं ते बरं झालं.

लोकलच्या डब्यात मात्र अजून खात्रीशीर उपाय चिकटवलेले दिसतात. मूळव्याध, दारू, प्रेमात अपयश, सगळ्यावर एकच फोन नंबर. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे. तरी ते कागद लागतात, कारण त्या डब्यात रात्री घरी जाणारा कुणीतरी खरोखर हतबल असतो. लिहिणाऱ्याला ते बरोबर ठाऊक आहे. त्यालाही वाचणाऱ्याच्या मनातली भीती सापडली आहे, अगदी काकूंना सापडली तशीच. म्हणून नुसती भीती ओळखता येणं पुरेसं नाही, असं मी मुलांना सांगते. काकूंच्या मेसेजमध्ये 'मोडून बघा' होतं. या कागदावर मोडून बघण्यासारखं काही नसतं.

आम्हा पार्लेकरांना एका जाहिरातीचं भाग्य लाभलं होतं, जी कुणी लिहिली नव्हती. बिस्किटांच्या कारखान्याचा वास. १९२९ मध्ये सुरू झालेला पार्लेचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तोपर्यंत स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की गोडसर, भाजका वास यायचा. गाडीत डोळे मिटून उभी असलेली माणसंही त्या वासाने ओळखायची की पार्लं आलं. आत भट्टी चालू आहे, आत्ता भाजलं जातंय, एवढंच तो सांगायचा. त्यावर मी किती वेळा ओळ लिहून बघितली, एकही जमली नाही. काकूंचा मेसेज मला त्या वासाच्या जातीचा वाटतो.

यंदा काकूंनी मेसेज पाठवण्याआधी मला वाचायला दिला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. चकली, चिवडा, कडबोळी, करंज्या आणि शेवटी एक ओळ: 'अनारसे यंदा नाहीत. दोनदा केले, दोन्ही वेळा हसले.'

मी म्हटलं, "काकू, ही ओळ काढा. नाहीत तर नाहीत, कारण कशाला? फुकट लोकांच्या मनात बाकीच्याबद्दल शंका."

"दरवर्षी घेणारी माणसं विचारतील ना, का नाहीत म्हणून."

"मग लिहा, काही कारणास्तव उपलब्ध नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तांदूळ नवा लागला गं. तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, तरी तुपात सोडल्यावर पसरलेच. हे कारण आहे. 'काही कारणास्तव' म्हणजे काय?"

मी फोन परत दिला. ओळ तशीच गेली. दुपारपर्यंत वही भरत आली. संध्याकाळी मी दार उघडलं तेव्हा त्या कानाला फोन लावून दारातच उभ्या होत्या. पलीकडे कुणीतरी नवी मुलगी असावी, पहिल्यांदा ऑर्डर देणारी. काकू तिला सांगत होत्या, "हसले म्हणजे मोडले, बाळा. तुपात टाकला की जाळी सुटून पसरतो, त्याला हसला म्हणतात. नाही नाही, पिठाचं गणित असतं ते. तू करून बघणार आहेस का? मग लिहून घे, तांदूळ जुना आण..." आत कढईतल्या चकल्यांचे बुडबुडे शमत आले होते. मी आत जाऊन गॅस बारीक केला.